साठ मिनिटांचं ओनोमिची

ह्यांची दुसरी अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, लांबचा विमानप्रवास आता विसरा. जपानची तिकिटं कॅन्सल केली. वाईट वाटलं का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. आमच्या ह्यांचं उत्तर ठरलेलं, ठीक आहे.

ठीक कसलं डोंबलाचं! तरुणपणी मुंबईच्या कंपनीनं ह्यांना सहा महिने ओनोमिचीला जहाजाच्या कारखान्यात शिकायला पाठवलं होतं. डोंगरावर, देवळामागच्या दगडी भिंतीपलीकडे, एका म्हाताऱ्या बाईंकडे हे खोली घेऊन राहायचे. एरवी तोंड न उघडणारा हा माणूस त्या घराचा विषय निघाला की तासभर बोलतो. खिडकीतून समुद्र दिसायचा, बाई सकाळी दाराशी गरम भात ठेवून जायच्या. ते घर एकदा बघायचं, आयुष्यात ह्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट.

मग रेडमंडच्या लेकीनं तोड काढली. ओनोमिचीचा एक गाइड फोन घेऊन गावातून फिरणार, आपण घरी बसून बघायचं, हवं ते दाखवायला सांगायचं. एक तास. इथे अमेरिकेत, आमच्या शुगर लँडला, संध्याकाळचे सात, तिथे दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला, चहा केला. लेक तिच्या घरून कॉलवर आली.

गाइड ह्यांच्याच वयाचे निघाले. टोपी, इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ इंग्रजी. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, काही खास बघायचंय का? आणि हे म्हणाले, नो, नो, एनीथिंग यू लाइक.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोपरानं ढोसलं, तर म्हणे, असू दे गं, त्यांचं काही ठरलं असेल.

त्यांचं ठरलं होतं ते मांजरांचं. बाजाराची गल्ली झाली आणि मग मांजरं. भिंतीवरचं मांजर, पायरीवरचं मांजर, देवळातलं मांजर. एका बोक्यापाशी तर दहा मिनिटं गेली. लेक म्हणते, सो क्यूट. हे म्हणतात, व्हेरी नाइस. आमच्या मागच्या अंगणात शेजाऱ्यांची दोन रोज येऊन पसरतात, त्यांना कधी कुणी नाइस म्हटलेलं मी ऐकलं नाही. ही भीड मी लग्नापासून बघत आलेय. हॉटेलात भलताच पदार्थ आला तरी हे मुकाट्यानं संपवतात आणि वर वेटरला थँक्यू म्हणतात.

चाळीस मिनिटं गेल्यावर मला राहवेना. मी सरळ गाइडना सगळं सांगितलं. घर, बाई, देवळामागची दगडी भिंत. जरा वर आहे, ते म्हणाले, वेळ कमी पडेल कदाचित. मी म्हटलं, मग प्लीज लवकर चला.

ते चढायला लागले. टीव्हीवर पायऱ्या, कठडा, पुन्हा पायऱ्या, सगळं हलत होतं. हे पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. "भिंत संपली की डावीकडे," मला म्हणाले. आवाजच बदलला होता. मला वाटलं, जिंकले. गाइडचा श्वास आता मोठ्यानं ऐकू यायला लागला होता. अकरा मिनिटं उरली होती. मी पुन्हा म्हटलं, जरा फास्ट, प्लीज. भिंत संपत आली.

"स्टॉप," हे म्हणाले. "प्लीज सिट डाउन."

गाइड म्हणाले, नो, नो, आता एकच वळण आहे.

"सिट. आय ॲम ऑल्सो टायर्ड."

खुर्चीत बसलेला माणूस! पण गाइड खरंच पायरीवर बसले. फोन त्यांनी समुद्राकडे वळवला. उरलेला वेळ दोघं मिळून खालच्या बोटी बघत बसले, आणि तास संपला.

कॉल बंद झाल्यावर मी ह्यांना धारेवर धरलं. एक वळण राहिलं होतं, अहो, एक! आयुष्यभर भीड, भीड, काय मिळवलंत?

"भीड नाही गं," हे म्हणाले. "त्यांची धाप ऐकली नाहीस? मला दोन्ही वेळा, हॉस्पिटलात न्यायच्या आधी, तशीच लागली होती."

दुसऱ्या वेळी आम्ही मंडळाच्या नाटकाला गेलो होतो. बाल्कनीचा जिना चढताना हे मागे पडले, आणि मी वरून म्हटलं होतं, लवकर चला हो, सगळे खोळंबलेत. तेव्हा हे थांबले नव्हते.