डोळे मिटून कापलेला ट्रेलर

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. विसरलो होतो, असं म्हणायची सोय नाही. रोज आठवत होती आणि रोज टाळत होतो. माझ्या सत्तरीला जुन्या विद्यार्थ्यांनी पनवेलमध्ये हॉल घेऊन माझा सत्कार केला. एकजण माइकवर येऊन म्हणाला, "सरांनी तो ट्रेलर हातात घेतला नसता, तर आपल्या कॉलेजचं नाव झालं नसतं." टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. घरी येऊन मी ती शाल खुर्चीवर भिरकावली. बायको म्हणाली, "अहो, झालं काय?" काय सांगणार? त्या टाळ्या चोरीच्या होत्या.

तो ट्रेलर मी केला नाही. तो कानने केला. मी तो फक्त नासवला.

कान हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हतं. वर्गाने ठेवलेलं होतं. संगणकावर चित्रफीत कापायला बसली की ही मुलगी डोळे मिटायची. समोर पडद्यावर चित्र पळतंय, बाकीची मुलं डोळे फाडून बघतायत, आणि ही डोळे मिटून, मान जराशी डावीकडे कलवून, बोट बटणावर ठेवून बसलेली. मध्येच ते दाबायची. डोळे उघडून बघावं तर कापलेली जागा अगदी नेमकी. "सर, चित्र फसवतं," ती म्हणायची. "आवाज नाय फसवत."

मी मूळचा मराठीचा प्राध्यापक. खारघरच्या आमच्या कॉलेजात माध्यमांचा नवा अभ्यासक्रम आला, तेव्हा "तुम्ही नाटकं बसवता, तुम्हीच बघा" म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मला साधा माउस धरता येत नव्हता. लॅबमध्ये मोजके संगणक, एक कॅमेरा, आणि त्या कॅमेऱ्यात घालायच्या छोट्या टेपा. त्याही कमीच. म्हणून मी नियम केला होता : चित्रण संगणकात घेऊन काम संपलं, की त्याच टेपेवर पुढच्या मुलांनी चित्रण करायचं. काटकसरीचा नियम म्हणून प्राचार्यांनी माझं कौतुकही केलं होतं.

कान उरणकडच्या कोळीवाड्यातून एसटीने यायची. तिची आई पनवेलच्या मासळी बाजारात बसायची. वर्गातली बहुतेक मुलं खारघरच्या टॉवरांमधली. पहिल्याच आठवड्यात एकाने नाक दाबून म्हटलं, "आलं का फिश मार्केट?" कानने बॅग बाकावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आलं. आणि काल माझ्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी बोटानं कोन चाटत होता, त्याचं नाव पन सांगू का?" तो मुलगा पुढची तीन वर्षं तिचा कॅमेरा उचलत फिरला.

मला संगणक तिनेच शिकवला. न कंटाळता, न हसता. "सर, ही वरची पट्टी चित्राची, ही खालची आवाजाची. दोघांचं लगीन लागलेलं हाय. एकाला ओढलं की दुसरं मागनं येतं. सोडवायचं असलं तर हितं दाबायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पन उगाच कुनाचं सोडवू नका हां." काम पुरं झाल्यावर संगणक ते एकजीव करायला तासन्‌तास घ्यायचा. आम्ही उतावीळ होऊन पडद्याशी घुटमळलो की ती दटावायची, "भात शिजतोय. झाकन उघडू नका."

तिसऱ्या वर्षी तिने फिल्म करायला घेतली ती आईवर. पहाटे बंदरावर बोली लावून मासळी घेणारी, टेम्पोतून पनवेल गाठणारी, गिऱ्हाइकाशी भांडणारी आणि संध्याकाळी बुजवलेल्या खाडीच्या कडेने चालत घरी जाणारी आई. फिल्म पुरी व्हायला अवकाश होता. पण त्या वर्षी कॉलेजांच्या महोत्सवात फक्त ट्रेलरची स्पर्धा होती, म्हणून तिने आधी ट्रेलर कापला. ट्रेलर म्हणजे काय, याची माझी व्याख्या पाठ्यपुस्तकातली होती. तिची व्याख्या आईच्या पाटीतली. "ट्रेलर म्हंजे वर मांडलेली मासली, सर. वर पापलेट आनि खाली कुजका माल, असं केलं तर गिऱ्हाईक एकदाच येतं. खाली हाय तेच वर दिसलं पायजे."

तिने केलेला ट्रेलर असा होता. आधी पडदा काळा. चित्र काहीच नाही. फक्त बाजाराचा कल्ला, आणि त्यातून वर येणारा तिच्या आईचा खरखरीत, भरघोस आवाज : "घे ना गो बाय. कालचा नाय, सकालचा हाय. खोटं बोलू तर उद्या हितं बसू कशी?" मग एकदम चित्र, कोयत्याखाली पडणारी सुरमई. आणि शेवटी, ओसाड भरावाच्या कडेला उभी राहून आई म्हणते, "खाडी बुजवली, तरी पाय तितंच जातान." पुन्हा काळोख. संपलं.

तिने मला तो दाखवला तेव्हा म्हणाली, "सर, आधी डोळे मिटा." मी मिटले. अंगावर काटा आला होता, हे मी आज लिहितो आहे. तेव्हा काय म्हणालो? म्हणालो, "छान आहे. पण भाषेचं काय करायचं?"

"भाषेचं काय?"

"परीक्षक पुण्या-मुंबईचे आहेत. त्यांना हे कळणार नाही. शिवाय अशुद्ध आहे. आपल्या नाट्यमंडळातली एखादी मुलगी आईची वाक्यं नीट बोलेल. तेवढं जोडू."

ती हसली. तिला ती थट्टा वाटली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "सर, आईला आवाज हाय."

"अगं, पण कळायला नको का?"

"खाली अक्षरं टाकते."

"मराठीला मराठीचीच अक्षरं? हसतील लोक."

"हसू द्या. आई भांडल त्यांच्याशी."

तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस मी. वर्गात बोलीभाषांची थोरवी तास संपला तरी सांगत राहायचो. परीक्षेत त्यावर प्रश्न घालायचो. आणि प्रत्यक्षात एक बोली माझ्या लॅबमध्ये येऊन, माझ्या विभागाच्या नावाने, मोठ्या पडद्यावर बोलणार म्हटल्यावर मला लाज वाटली. संताप येतो तो याचाच. मी अडाणी असतो तर एक वेळ समजलं असतं.

ट्रेलर पुरा करून कान दुपारच्या एसटीने घरी गेली. मी नाट्यमंडळातल्या मुलीला बोलावलं. मुलगी हुशार, उच्चार स्वच्छ. तिच्या तोंडून वाक्यं घेतली. मग मी स्वतः संगणकापुढे बसलो, आणि कानने दाखवलं होतं तिथेच दाबून तिच्या आईचा आवाज तिच्या आईच्या ओठांपासून सोडवला. पट्टी निवडली आणि पुसली. जुन्यावरच नवं ठेवायचं का, असं संगणकाने विचारलं. यंत्राने विचारलं! मी हो म्हटलं. प्रत ठेवायची असते हे मला माहीत नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. माहीत होतं. तिनेच शिकवलं होतं.

महोत्सवाला कानची आई आली. धंदा लवकर आवरून, इस्त्रीचं लुगडं नेसून, अंबाड्यावर अबोलीची वेणी माळून, लेकीशेजारी दुसऱ्या रांगेत बसली. मी त्यांच्या मागेच होतो. पडदा काळा झाला आणि एक गोड, सुसंस्कृत आवाज म्हणाला, "घ्या ना ताई. कालचा नाही, सकाळचा आहे." आई इकडेतिकडे बघायला लागली, सभागृहात कोण बोलतंय म्हणून. मग पडद्यावर तीच दिसली. ओठ एक बोलतायत, आवाज दुसरंच. ती मोठ्याने म्हणाली, "आगो, ही कोन बोलते माज्या तोंडान?"

आजूबाजूचे हसले. कान हसली नाही. हललीही नाही.

पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, "निवेदनाची भाषा संयत आणि प्रमाण ठेवल्याबद्दल विशेष अभिनंदन." विभागप्रमुख म्हणून मंचावर मी गेलो. ढाल मी घेतली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी कदाचित तोंड दाखवायला जागा उरली असती. बाहेर आल्यावर आई माझ्यापुढे उभी राहिली. रागावलेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "सर, माजं बोलनं वंगाल व्हतं का?"

आणि मी म्हणालो, "नाही हो मावशी! तुमचं काही नाही. रेकॉर्डिंगच नीट आलं नव्हतं. मुलं अजून शिकतायत."

जिला डोळे मिटून सुईच्या टोकाएवढा आवाज वेचता यायचा, तिचं रेकॉर्डिंग नीट आलं नव्हतं! कानने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तिचे डोळे सताड उघडे होते. ती आईला सांगू शकली असती. पण सर खोटं बोलतायत, असं सरांच्या तोंडावर आईला कसं सांगायचं? आईने तिच्या पाठीत एक चापट मारली, लाडाचीच. "नीट शिक ना गो मंग. सरांना किती तरास." आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसली. लेकीच्या वतीने तिने माझी माफी मागितली, आणि मी ती घेतली.

त्यानंतर कान लॅबमध्ये आली नाही. वर्गात बसायची, पदवी घेतली, पण ती फिल्म तिने पुरी केली नाही. संगणकातलं तिचं चित्रण जागा करायला पुसलं गेलं होतं, तिच्या टेपा तेवढ्या कपाटात होत्या. नियमाप्रमाणे पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्या मागितल्या, मी दिल्या. क्रीडामहोत्सवाचं चित्रण झालं त्यांच्यावर. पोती घालून उड्या मारणारी मुलं, लिंबू-चमचा.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी ती अचानक विभागात आली. आई वारल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "फोटो ढीगभर हायेत, सर. लग्नातले, जत्रेतले. आवाज नाय कुठं. तेव्हा साधा फोन होता आमच्याकडं. त्या टेपा हायेत का?"

मला त्या क्षणी सगळं माहीत होतं. तरी मी उठलो, "बघू हं" म्हणालो, आणि कपाटं उघडायला लागलो. एक उघडलं, दुसरं उघडलं, खण ओढले. नाटकं बसवणारा माणूस, अभिनय येतच होता. ती खुर्चीत डोळे मिटून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सर. कपाट रिकामं हाय. आवाजावरनं कळतं." पाया पडली आणि गेली.

आता ती मुंबईत एका स्टुडिओत आवाजाचं काम करते, असं ऐकतो. आणि आमचं कॉलेज अजूनही दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत तो ट्रेलर मोठ्या पडद्यावर लावतं. सत्कारानंतर मी मुद्दाम जाऊन नव्या प्राचार्यांना सांगितलं, "तो लावू नका. तो खोटा आहे. आवाज त्या बाईंचा नाही." ते हसून म्हणाले, "सर, काय हा विनय!" आणि चहा मागवला. मी त्या चहाला हात लावला नाही. एवढाच माझा निषेध.

मग मी तिचा नंबर मिळवला. काय बोलायचं ते ठरवलं. एकच वाक्य होतं : तुझं रेकॉर्डिंग चांगलं आलं होतं, तुझ्या आईचा आवाज मी पुसला. आरशासमोर म्हणून पाहिलं. फोन लावला. तिने उचलला. मी नुसतं "हॅलो" म्हणालो.

"सर!" ती म्हणाली. "एवढ्या वर्षांनी! आवाज लगेच ओळखला मी. थोडा थकलाय."

मी ठरवलेलं वाक्य पुन्हा एकदा मनात म्हटलं. मग ती म्हणाली, "बोला ना सर. काहीतरी सांगायचंय तुम्हाला, कळतंय मला. थांबा, डोळे मिटते."

तिने मिटले असणार. मी माझा श्वास मलाच ऐकू येईपर्यंत थांबलो.

"काही नाही गं," मी म्हणालो. "सहज केला."