वाऱ्याचा भुरका

रेवदंड्याहून निघालो तेव्हा अलिबागच्या रिक्षात माझ्या मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी होती आणि शेजारच्या बाई नाकाला पदर लावून बसल्या होत्या. आई रिक्षाच्या दांडीला धरून सांगत होती, "उपाशी ऱ्हाऊ नको. तिकडं मासली भेटंल ना भेटंल." ती पिशवी घेऊन मी हैदराबादच्या औषध कंपनीत थेट रुजू झालो. पहिल्याच दिवशी सिक्युरिटीवाल्याने माझ्या लॉकरपाशी गॅसगळतीची चौकशी केली.

काम होतं श्वासावाटे घ्यायची कोरडी भुकटी बनवायचं. दम्याचं औषध इतकं बारीक दळतात की त्याच्या आपोआप गुठळ्या होतात. म्हणून ते दुधातल्या साखरेच्या जाड कणांवर बसवून कॅप्सूलमध्ये भरायचं. माणसाने तोंडाने जोरात श्वास घेतला की साखर घशात राहते, औषध सुटून छातीत उतरतं. ओल लागली की सगळं बिघडतं. त्यामुळे आमची लॅब एवढी कोरडी की खाऱ्या वाऱ्यावर वाढलेले माझे ओठ आठवड्यात फुटले. आईला फोनवर सोपं करून सांगितलं, साखरेला औषध चिकटवतो. तिने आळीभर सांगितलं, पोरगा हलवायाकडे लागलाय. अजून दिवाळीला मला पेढ्यांचा भाव विचारतात.

पुढे आईलाच दमा निघाला आणि डॉक्टरांनी लिहून दिलं ते नेमकं आमचंच औषध. मी फुशारलो. फोनवर म्हटलं, "आये, कॅप्सूल यंत्रात ठेव, बटण दाब, यंत्र तोंडात धर आणि जोरात ओढ." पलीकडून, "बरं." मी समजलो, झालं काम. फार्मसीच्या कॉलेजात आईच्या 'बरं'चे अर्थ शिकवत नाहीत.

ऐन पावसाळ्यात धाप लागून तिला अलिबागला दाखल केलं. मी धावत आलो. डॉक्टर तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "अडाणीपणा, दुसरं काय. ही माणसं औषध नीट घेत नाहीत." आई बोलण्याइतकी सावरली तेव्हा कळलं, ती कॅप्सूल फोडून चहात टाकत होती. म्हणजे छातीत औषधाचा कणही पोचला नव्हता.

"ओढायचं सांगितलं होतं ना?"

"तुझा बापूस जलमभर बिड्या ओढून खोकत गेला. आता मी ओढू? चार बायांसमोर?" आणि वर, "चहात गोड लागतं."

माझं डोकं फिरलं ते तिच्यावर नाही. माहितीपत्रकावरही 'जोरात ओढा' असंच छापलेलं आहे. ज्याने छापलं, त्याने बिडीने विधवा केलेल्या एका तरी बाईला वाचून दाखवलं का? खाली दुसरी ओळ: थंड व कोरड्या जागी ठेवा. जुलैत आमच्याकडे मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही. कोरडी जागा कुठली, देवाच्या गाभाऱ्यातली? परदेशी जाणारी प्रत्येक कॅप्सूल आम्ही वेगळी चंदेरी कागदात बंद करतो. इथे सगळ्या एका बाटलीत सुट्या. आणि अडाणी कोण, तर माझी आई.

खाटेवर बसून मी म्हटलं, "आये, कढत कालवणाचा भुरका मारतेस ना? तसाच मार. वाऱ्याचा."

तिने मारला. यंत्रात कॅप्सूल टरटर फिरली. पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. आई दम घेऊन म्हणाली, "यवढंच व्हतं तर भुरका सांगाचा. इतका शिकून काय केलंस रं?"

हैदराबादला परतल्यावर मीटिंगमध्ये मी 'भुरका' सुचवला. साहेब म्हणाले, ग्राम्य वाटतं, ब्रँडला शोभत नाही. मी विचारलं, मग बिडी शोभते का? सगळ्यांनी समोशाकडे पाहिलं. नव्या खोक्यांवर अजून 'जोरात ओढा'च येतं.

गावातल्यांनो, आणि माझ्यासारख्या दूर गेलेल्यांनो, घर आठवतं का असं विचारलं की पूर्वी मी खाडी, होड्या, वाळत घातलेली मासळी असलं काही सांगायचो. आता माझं घर म्हणजे सकाळच्या फोनवर ऐकू येणारी ती टरटर. ती ऐकल्याशिवाय मी आईला जेवलीस का हेही विचारत नाही. पण ज्या आईचा पोरगा आमच्या कारखान्यात नाही, तिने 'बरं' म्हटल्यावर कान देऊन कोण बसणार आहे?