कचऱ्याच्या वारांचं गाणं

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, जपानमध्ये जाऊन तू अमेरिकेची जुनी गाणी कशाला शिकतेस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता सुरुवातीपासून लिहिते.

उरायासुला तुमच्या मामाकडे आलो त्याच महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. देवाची आदल्या दिवशीची फुलं कचऱ्यात कशी टाकायची? पुण्यात आपल्या सोसायटीत निर्माल्याचा वेगळा कलश आहे. इथे तसं काही नाही; प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार तेवढा ठरलेला. म्हणून मी ती स्वच्छ कागदी पिशवीत घातली, वर लाल दोरा बांधला आणि इतर कचऱ्यापासून हातभर लांब ठेवली. गाडीने सगळा कचरा नेला. माझी पिशवी तेवढी मागे राहिली, वर चिठ्ठी चिकटवलेली: वर्गीकरण चुकले.

खालच्या मजल्यावरच्या बाई ती पिशवी दोन्ही हातांत धरून आमच्या दारात आल्या. त्या महिन्यात कचऱ्यावर लक्ष ठेवायची पाळी त्यांची होती. माझ्याच वयाच्या, शाळेतलं इंग्रजी बेताने वापरणाऱ्या. मी त्यांना देव्हारा दाखवला. त्यांनी क्षणभर पाहिलं, मला खाली नेलं आणि आपल्या हायड्रेंजियाच्या मोठ्या कुंडीत ती फुलं पुरली.

"याला वार नको," त्या म्हणाल्या. "इथे रोज चालेल."

तेव्हापासून आमची रोजची भेट सुरू झाली. दर गुरुवारी वस्तीच्या सभागृहात त्या एका वर्गाला जायच्या, तिथेही मला घेऊन गेल्या. जुनी अमेरिकन गाणी कशी रचलेली असत हे शिकायचं आणि तसं एक आपण लिहायचं. शिकवणारे सेन्सेई तरुणपणी अमेरिकेत पियानो वाजवायचे. त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले. प्रत्येकात आठ आवर्तनं. पहिल्यात चाल, दुसऱ्यात तीच चाल, तिसऱ्यात एकदम वेगळी, चौथ्यात पुन्हा पहिली. तिसऱ्याला ते पूल म्हणतात. आपल्या भावगीतात प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद येतं. इथे हा पूल एकदाच ओलांडायचा. मला ही शिस्त फार आवडली. टाळी मात्र जमेना. त्यांना ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हवी, आणि माझा हात समेवरच पडायचा. बाईंचाही तसाच. आम्ही दोघी शेवटच्या रांगेत बसू लागलो.

मग एका गुरुवारी बाईंनी सांगितलं, महिनाअखेरीस त्या लेकीकडे सेंदाईला कायमच्या राहायला जाणार. वर्गात आपापलं गाणं म्हणायचा दिवस त्याच आठवड्यात होता. मी ठरवलं, माझं गाणं त्यांच्यासाठी. ते त्या जायच्या आत पुरं व्हायला हवं होतं. हातात तीन आठवडे होते.

पहिला खर्डा मी चांगल्या, शुद्ध इंग्रजीत लिहिला. त्यात चंद्र होता, विरह होता. सेन्सेईंनी वाचून चष्मा काढला.

"घरी कोणाशी असं बोलता का?"

"कोणाशीच नाही."

"मग गाऊही नका. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाशी बोलतो तसं लिहा. हाताशी असेल ते घ्या. ही जुनी गाणी रचणाऱ्यांनी नुसत्या याद्यांचीसुद्धा गाणी केली आहेत."

यादी करण्यात माझा हात कोण धरणार? त्याच संध्याकाळी दोन चौकोन भरले. सोमवारी जळणारा कचरा, बुधवारी बाटल्या, झाकणं वेगळी, शुक्रवारी कागद आणि दर वेळी जिन्यात भेटणाऱ्या त्या. आजोबांनी कागद वाचला.

"अगं, हे गाणं आहे की नोटीस?"

"तुम्ही बाटल्यांची लेबलं काढा. तेवढं कडवं तुमच्यावरच आहे."

पूल मात्र अडला. तिथेही मी शनिवार, रविवार भरत बसले. सेन्सेईंनी ते खोडलं. "यादी इथे थांबू दे. यादीत जे बसत नाही, ते इथे सांगा." आठवडा गेला, दुसरा गेला. वहीतला तिसरा चौकोन कोराच.

दोन दिवस उरले असताना मी सकाळी फुलं घेऊन खाली गेले. बाईंच्या घरात खोकी बांधून तयार होती. कुंडी मात्र आमच्या जिन्यापाशी आणून ठेवलेली.

"ही जड आहे," त्या म्हणाल्या. "आणि फुलं तुमची आहेत."

मी फुलं पुरली, मातीच्या हातांनीच वर आले आणि ओट्यापाशी उभी राहून पूल लिहिला. एक गोष्ट आहे जिला वार नाही. तिची गाडी कधी येत नाही. ती तुम्ही दोन्ही हातांनी माझ्या दारी आणलीत. चौथ्या चौकोनात पुन्हा सोमवार आला.

गुरुवारी मी उभी राहून गायले. चाल नकळत भूपाकडे गेली होती. तिचे पाचच स्वर ऐकून सेन्सेईंना ती जपानी वाटली. पुलापाशी बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला, आणि सोमवार परत आल्यावर इतक्या जोरात टाळ्या धरल्या की सगळा वर्ग समेवर आला. सेन्सेईंनी हात टेकले आणि आमच्या टाळीमागून पियानो वाजवू लागले.

काल सेंदाईहून पाकीट आलं. आत तिथल्या कचऱ्याचं वेळापत्रक, आणि खाली बाईंच्या अक्षरात एक ओळ: "इथे बाटल्या मंगळवारी. कृपया गाणं दुरुस्त करावं."

वही उघडून बसले आहे. मंगळवार बसवताना दुसरा चौकोन थोडा हलतोय. पूल तसाच राहणार.