कच्चा कैदी वाल्मिक

गुजरातेतल्या डिंडोलीचा वाल्मिक वीस वर्षं कापड विणायच्या लूमवर कामाला होता. कारखान्यात मारामारी झाली, मुकादमाचं डोकं फुटलं आणि पोलिसांनी पाच जणांना उचललं. त्यात तोही होता. खटला अजून उभा राहायचा होता, म्हणजे तुरुंगात तो कच्चा कैदी. शिक्षा कसलीच झालेली नव्हती.

तरी चौथ्या दिवशी जमादारानं त्याला संडासाच्या टाकीपाशी नेलं आणि घाण उपसायला आत उतरवलं. वास डोक्यात गेला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मारुती नावाच्या कैद्यानं काखेत हात घालून वर ओढलं म्हणून तो वाचला. नाही म्हणणाऱ्याची घरच्यांशी मुलाखत बंद होते, वर मार बसतो, असंही मारुतीनंच सांगितलं. सोमवारी पुन्हा उतरायचं होतं.

मुलाखतीला बायको सुषमा आली. जाळीपलीकडून वाल्मिक तिला एवढंच म्हणाला, "माले भीती वाटस." सुषमानं त्याला गप्प राहायला सांगितलं. तक्रार केली तर आत कोण वाचवणार?

शुक्रवारी कोर्टात तारीख होती. न्यायाधीशांनी नेहमीसारखं विचारलं, काही तक्रार आहे का.

"साहेब, मने सजा थई छे?" वाल्मिकनं गुजरातीत विचारलं, मला शिक्षा झालीय का.

"नाही."

"मग मला टाकीत का उतरवतात?"

न्यायाधीशांनी त्याचा जबाब घेतला. शिक्षा न झालेल्या माणसाकडून जबरदस्तीनं काम घेता येत नाही, राज्यघटनेतच वेठबिगारीला मनाई आहे, असं सांगून त्यांनी तुरुंगाकडून खुलासा मागवला. वाल्मिकनं जमादाराचं नावही सांगितलं. संध्याकाळी त्याच फाटकातून आत जायचं होतं.

त्याला कुणी हात लावला नाही. जमादार फक्त बघायचा. वाल्मिक भिंतीला पाठ लावूनच जेवायचा. सोमवारी टाकीत मारुतीला उतरवलं. मारुतीला शिक्षा झालेली होती, त्याच्याबद्दल कोर्टानं काही विचारलं नव्हतं. वाल्मिकनं बराकीच्या खिडकीतून ते पाहिलं.

महिन्याभरानं जामीन मिळाला. मोफत कायदेशीर मदतीच्या वकील गायत्रीबेन म्हणाल्या, शिक्षा झालेल्यालासुद्धा असं टाकीत उतरवणं गुन्हाच आहे, पण साक्षीदार हवा. सुषमा रडली. जामीन रद्द झाला तर तोच तुरुंग, तोच जमादार.

वाल्मिकनं मारुतीसाठी साक्ष द्यायच्या अर्जावर सही केली. अर्ज अजून कोर्टात आहे. दारावर थाप पडली की तो आधी सुषमाला बघायला पाठवतो.