पाहुण्यांचा रस्सा

हमीदाची मुलगी नाझनीन हिचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच बोलली. मी उरलेले कपडे वाळत घातले आणि मग समोरच्या दारात गेले. घाई करून काय होणार होतं... महिना उलटला त्याला.

हमीदा उरणची, मी साताऱ्याची. नवरा बाजारात माथाडी होता म्हणून इकडे नवी मुंबईत आले. सीवूड्सच्या सोसायटीत आमची दारं समोरासमोर. ती तोंडाची फटकळ, मीही तशीच, म्हणून जमलं. ती फार शांत होती, असं आता लोक सांगतात. शांत कुठली! डूख धरायची.

नाझनीन रग्बी खेळते. अंड्यासारखा चेंडू काखेत मारून पळायचं, आणि समोरच्या पोरींनी धरून आडवं करायचं. मोठ्या संघांचा कप वेगळा. हिचा खालच्या गटाचा. जिंकेल तो संघ वरच्या गटात जातो. मला त्या खेळातली एकच गोष्ट पटली. सामना संपला की ज्यांचं मैदान, त्यांनी पाहुण्या संघाला जेवू घालायचं. आमच्याकडचं जेवण हमीदा रांधायची, कांदे मी चिरायची.

गेल्या हंगामात कोल्हापूरला तिकडच्या एका दांडग्या पोरीनं नाझनीनला अशी आपटली की गळ्याजवळचं हाड मोडलं. पुढे तोच संघ इकडे यायचा होता. हमीदा म्हणाली, "आक्का, त्या पोरींना मी पाणीसुद्धा देणार नाय."

नाझनीन हात गळ्यात बांधून बसलेली. "हाड माझं मोडलंय ना? मग राग तू कशाला धरतेस? जेवण नाही दिलंस तर माझं खेळणं बंद. कुठल्या तोंडानं मैदानात उभी राहू?"

पोरीनं खेळ सोडावा असं हमीदाला आतून वाटायचं, हे मला ठाऊक होतं. आयती संधी होती... तरी सामन्याच्या सकाळी तिनं टोप घासायला घेतले.

दोन टोप चढवले, एक आपल्या पोरींचा, एक पाहुण्यांचा. पाहुण्यांच्या रश्शात मूठमूठ तिखट घातलं. "जेवण देते, पण रडवून देते," म्हणाली. कोल्हापूरच्या माणसाला तिखटानं रडवायला निघालेली बाई मी पहिल्यांदाच बघत होते. बोलले नाही. कांदे चिरले.

आमच्या पोरी हरल्या, कप गेला. पाहुण्या जेवायला बसल्या. पहिल्या घासाला सगळ्या थांबल्या, आणि मग जे भुरके मारायला लागल्या! ती दांडगी पोर वाटी घेऊन उठली. "काकू, रस्सा अजून हाय का? इकडं सगळीकडं गुळमाट देत्यात बघा."

हमीदानं माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं, लबाडे!"

"होतं."

हसून हसून ती खालीच बसली. मग उठून त्या पोरीला स्वतः वाढलं. "खा. पण पुढच्या वेळी माझ्या पोरीला पाडशील तर जरा हळू पाड." पोर लाजली, पण वाटी पुढेच धरून राहिली. त्यानंतर प्रत्येक सामन्याला पाहुण्यांचं पहिलं वाढप हमीदाच्याच हातचं.

परवा ह्या हंगामातला घरचा पहिला सामना झाला. रस्सा मी केला; तिच्यासारखा नाही झाला. वाढायला डाव उचलला, तर नाझनीन मैदानातून तशीच आली आणि तो माझ्या हातातून घेतला. "मावशी, तू बस." ज्या पाहुण्या पोरीनं तिला सगळा सामनाभर आपटलं होतं, तिच्याच ताटापासून सुरुवात करायला निघाली. कोपरापर्यंत चिखल होता. हमीदा असती तर आधी हात धुवायला हाकललं असतं. ती नव्हती, म्हणून मी हाकललं.