गाडीची काच आणि माझं हिंदी

चहा निवायच्या आत सांगून टाकते. हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलंत, तर त्यात मी आहे त्याहून जास्त वेडी दिसेन. माझ्या हिंदीपायी एका भल्या माणसाची नोकरी जाता जाता राहिली. आणि निमित्त काय, तर गाडीची एक काच!

मला हिंदी येतं असा माझा समज होता. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, गणेशगुडीच्या अलीकडं रस्त्याला लागूनच आमचं घर आणि घरातच खानावळ. नदीवर बोटीत बसायला येणारी माणसं हुबळीची, पुण्याची, हैदराबादची. त्यांना 'और रोटी लेव', 'खर्डा तिखट है, संभालके' असं म्हणत मी बारा वर्षं काढली. कुणी उपाशी उठून गेलं नाही. म्हणजे हिंदी बरोबरच असणार की नाही? आमच्या ह्यांना मराठी आणि कन्नड सोडून तिसरं काही येत नाही, त्यामुळं घरात तरी मीच पंडित.

लॉजवर जेवण पोचवायला आम्ही एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. तिचा विमा उतरवताना हे म्हणाले, आपली गाडी दुसऱ्याला धडकली तर त्याची भरपाई देणारा घेऊ, स्वस्त पडतो. मी म्हटलं, ते काही नाही, पूर्ण विमा घ्यायचा. जंगलात राहतो आपण, आपल्याच गाडीला काही झालं तर? हे माझं बरोबर होतं, एवढं लक्षात ठेवा. कारण इथून पुढं माझ्या बाजूनं बोलण्यासारखं फारसं काही नाही.

गणपती होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. शेतात भात पोटरीला आलेलं. सकाळची साडेसहाची वेळ, बाहेर धुकं. मी चुलीवर पाणी ठेवत होते आणि अंगणातनं खळ्ळकन आवाज आला. खिडकीतनं बघते तर गाडीला अंग लावून गवा उभा! तुम्ही गवा जवळनं बघितलाय कधी? त्याच्या शेजारी आमची गाडी एखाद्या शेळीसारखी दिसत होती. त्यानं मान झटकली, फुरफुरला, आणि वळून भात तुडवत रानात निघून गेला. मागच्या दाराची काच खडीसाखरेसारखी सांडली होती. निम्मी अंगणात, निम्मी सीटवर.

'ह्या माझ्या डोळ्यांनी बघितलं' असं मी त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. दुधवाल्याला सांगितलं, बसच्या कंडक्टरला सांगितलं, गवा कसा आला, त्यानं शिंग कसं उचललं आणि कसं मारलं. खरं म्हणजे शिंग उचललेलं मी बघितलं नव्हतं. पण काच फुटलेली होती आणि गवा तिथं होता. दोन अधिक दोन चार करायला शाळा लागते का?

दहाच्या सुमाराला विमा कंपनीला फोन लावला. कन्नडमधनं बोलायचं असेल तर हे बटण, हिंदीतनं असेल तर ते बटण, असं तिकडनं आधी सांगतात. हे म्हणाले, कन्नडमधनं बोल. कन्नड मी पाण्यासारखं बोलते. पण त्या वेळेला खानावळीत पुण्याची चार माणसं पोहे खात बसली होती. त्यांच्यापुढं मी ऐटीत हिंदीचं बटण दाबलं.

पलीकडं एक गोड आवाजाची मुलगी. तिनं गाडीचा नंबर घेतला, पॉलिसीचा नंबर घेतला, कुठली काच ते विचारलं. आणि मग मी काही सांगायच्या आधीच तिनं मला विचारलं, "मॅडम, वहाँ कोई गवा था?"

मी थक्क झाले. कुठं ती, कुठं आमचं जोयडा! पण गाडीचा नंबर ऐकून बरोबर ओळखलं तिनं. कंपनी असावी तर अशी.

"था ना. गवाच था," मी म्हटलं.

"एक ही?"

"एक ही. हमेशा अकेला आता है."

"आप पहचानती हैं उन्हें?"

गव्याला 'उन्हें' म्हणाली. शहरातली माणसं किती सभ्य बोलतात, असं मला वाटलं. "पहचानती क्या, रोज शाम को आता है और हमारा भात खाता है."

"घर के आदमी हैं?"

"नहीं नहीं. घर का कैसा? फॉरेस्ट का है."

तिकडं टकटक टायपिंग चाललेलं ऐकू येत होतं. मग तिनं विचारलं, काच कुणी फोडली. मी म्हटलं, गव्यानंच. टकटक थांबली. "खुद गवा ने?" "हाँ, खुद गवा ने." परत टकटक. दिसायला कसा आहे म्हणून विचारलं. आता गवा दिसायला कसा असतो? मी सांगितलं, अंगानं दांडगा आहे आणि पायात सफेद मोजे. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात, आमच्याकडं सगळे त्याला मोजेच म्हणतात.

तिनं धन्यवाद दिले. आमचा सर्वेयर, म्हणजे नुकसान बघायला येणारा माणूस, येऊन बघून जाईल, तोवर काच बदलू नका, म्हणाली. मी फोन ठेवला आणि पुण्याच्या माणसांकडं बघितलं. ती पोह्यातले शेंगदाणे वेचत होती.

नऊ दिवस कुणी आलं नाही. काचेच्या जागी प्लास्टिकचा कागद चिकटवून मी लॉजच्या वाऱ्या करत होते. गाडी सुरू झाली की कागद असा फडफडायचा, की वाटेतली कुत्री पळून जायची.

त्या नऊ दिवसांत आणखी एक झालं. यल्लाप्पा जेवायला यायचा बंद झाला. यल्लाप्पा म्हणजे फॉरेस्टचा वॉचर. नोकरी कंत्राटी, दरवर्षी साहेबानं सही केली तर पुढं चालू. त्याचं गाव तिकडं दिग्गीच्या बाजूला, रोज जाणं जमत नाही, म्हणून चार वर्षं रात्रीचं जेवण तो दिवस मावळायच्या सुमाराला आमच्याकडंच जेवून जायचा. मला 'अक्का' म्हणतो. ताटात आमटी कमी पडली तरी मागणार नाही, असा माणूस. दोनदा निरोप पाठवला, तर पोट बरं नाही म्हणून उत्तर. मी लसणाची चटणी आणि मऊ भात करून पाठवला. डबा धुऊन परत आला, माणूस आला नाही.

दहाव्या दिवशी फॉरेस्टच्या ऑफिसातनं फोन. विम्याचा माणूस आलाय, तुमच्या तक्रारीचं काम आहे, लगेच या. मला वाटलं, गव्याचा विषय म्हणजे फॉरेस्टचा दाखला लागत असेल. गेले फडफडत.

आत गेले तर टेबलामागं साहेब, कपाळाला आठ्या. समोर बेळगावहून आलेला सर्वेयर, मांडीवर फाइल. आणि भिंतीला लागून यल्लाप्पा, टोपी हातात धरून, मान खाली. पावसाळ्यात जळवा चढू नयेत म्हणून फॉरेस्टची माणसं गुडघ्यापर्यंत जाड कापडी मोजे घालतात. ते त्याच्या पायात होते. पांढरे!

तरीही माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. मी त्याला पोटाचं विचारलं.

साहेब म्हणाले, सकाळपासून याला ड्यूटीवरनं थांबवलाय. सही करायचे दिवस जवळ आलेत आणि असली तक्रार अंगावर असली तर याचं नाव मी पुढं पाठवू शकत नाही. कसली तक्रार, असं मी विचारलं. सर्वेयरनं फाइल उघडली आणि कंपनीच्या कागदावरचं इंग्रजी मला मराठीतनं सांगायला लागला.

"काच वन खात्याच्या कर्मचाऱ्यानं फोडली. तो नेहमी एकटा येतो. तक्रारदार त्याला ओळखते, कारण तो रोज संध्याकाळी तिच्या घरी भात खातो. अंगानं दांडगा. पायात पांढरे मोजे. घटनेचा साक्षीदार तोच."

खुर्ची होती म्हणून बसले, नसती तर जमिनीवर बसले असते. मी म्हटलं, मी असं बोललेच नाही, मी गवा म्हटलं होतं.

सर्वेयरनं चष्मा काढला. हिंदीत साक्षीदाराला 'गवाह' म्हणतात, असं त्यानं मला अगदी हळू आवाजात सांगितलं, आजारी माणसाला सांगावं तसं. मग एकेक शब्द उलगडत गेला. आपण शेतातल्या उभ्या पिकालाही भात म्हणतो, हिंदीतला भात ताटातला. फॉरेस्टचा म्हणजे रानातला, असं माझं म्हणणं. तिनं खातं लिहिलं. आणि ते 'उन्हें'... जाऊ द्या.

साहेबांच्या आठ्या सुटल्या. ते तोंडावर रुमाल धरून खिडकीकडं बघायला लागले. मला मात्र हसू येईना. चार वर्षं माझ्या हातचं जेवलेल्या माणसाला मी दहा दिवस चोरासारखं उभं केलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. जेवायला का येत नव्हता ते आता कळलं, असं मला वाटलं. बिचाऱ्याच्या कानावर आधीच गेलं असणार.

मी उठले आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटले. साहेब, हा माणूस म्हणजे सोनं आहे. ह्यानं माझ्या अंगणातलं पान कधी मोडलं नाही, काच कुठली फोडतोय? गव्यानं फोडली. मी ह्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय, कोर्टात सांगते, देवाच्या गाभाऱ्यात सांगते. साहेब म्हणाले, बाई पुरे, आलं लक्षात. आणि त्यांनी हजेरीचं बुक यल्लाप्पापुढं सरकवलं, सही कर आणि कामाला लाग म्हणून.

यल्लाप्पानं पेन घेतलं नाही. मी जितकं त्याचं गुणगान करत होते, तितकी त्याची मान खाली चालली होती.

"साहेब," तो म्हणाला, "काच मीच फोडली."

साहेबांनी पुढं सरकवलेलं बुक परत ओढून घेतलं.

त्या दिवशी सकाळी तो गस्त संपवून भाताच्या बांधावरनं येत होता. गवा गाडीला मान घासत होता आणि गाडी हलत होती. उलथून टाकतो की काय, असं त्याला वाटलं. पाखरं हाकलायची गोफण कमरेला होती. त्यानं गव्याच्या पुढ्यात पडेल असा दगड सोडला. नेमकी गव्यानं मान काढून घेतली आणि दगड काचेतनं आत. तो घाबरून बांधाआड बसला. येऊन सांगणारच होता. पण बघतो तर मी दुधवाल्याला गव्याचं शिंग कसं लागलं ते हातवारे करून सांगत होते.

"मला वाटलं, गव्याच्या नावावर ऱ्हाऊंदे," तो म्हणाला. "गवा काय भांडायला येत न्हाई. पर तुमच्या ताटावर बसायला मन होईना, अक्का. आणि आज साहेबांनी कागद वाचला तवा कळलं, तुम्ही सगळं बघितलंय. मोजंसुद्दा लिहून दिलंय. तोंडावर बोलला असता तर बरं वाटलं असतं मला."

आता मी काहीच बघितलं नव्हतं, हे सांगायचं?

सर्वेयरनं तो कागद परत एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. फॉरेस्टचा माणूस, एकटा, रोज भात खातो, पांढरे मोजे, काच त्यानंच फोडली, बघणाराही तोच. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, इतकी अचूक तक्रार मी आजवर बघितली नाही. चुकीची फक्त तुम्ही आहात."

साहेब भले माणूस. गवा हाकलणं हेच याचं काम आहे म्हणाले, फक्त नेम सुधार. बुकात सही झाली. सर्वेयरनंही जे घडलं तेच लिहिलं. कुणी मुद्दाम फोडली नाही, अपघात आहे, तुमच्या पूर्ण विम्यात बसतो, असं त्यानं सांगितलं. पुढं बेळगावच्या गॅरेजमधे एका दुपारी नवी काच बसली. दाराच्या पोटात गेलेले जुन्या काचेचे तुकडे अजून वळणावर खुळखुळतात, ते सोडा.

पण त्या दिवशी एवढ्यावर सुटले नाही मी. गाडीचे फोटो काढायला सर्वेयर माझ्याबरोबर घरी आला. यल्लाप्पाही आला, मीच ओढून आणला, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून. सर्वेयरनं दार उघडून सीटखाली वाकून बघितलं आणि विचारलं, दगड आतच पडला असणार, गेला कुठं? त्याचाही फोटो लागेल.

मी प्लास्टिकचा कागद नीट चिकटवायला लागले. हे मात्र चटकन म्हणाले, "नदीतला गुळगुळीत, मुठीएवढा, तोच काय?" आणि आत जाऊन घेऊन आले.

काच झाडताना तो मला मागच्या सीटवर सापडला होता. सीटवर दगड कुठनं आला, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही. हाताला छान बसला, म्हणून धुऊन घेतला. कंपनीच्या फाइलीत त्याचा फोटो आहे. पिवळा, तेलकट, एका बाजूला मिरचीचं बी चिकटलेलं. नऊ दिवस मी त्याच दगडानं लसूण ठेचत होते.