जाड बटणांचा रिमोट

तलासरीच्या भंगारवाल्यांकडून बंद कारखान्यांतल्या यंत्रांचे जुने कीपॅड आणून मी त्यांचे टीव्हीचे रिमोट बनवतो. हातमोजे घालून दाबायची ती जाड बटणं आखडलेल्या बोटांनाही जमतात. वाणगावातले म्हातारे माझ्या डोक्याचं कौतुक करतात आणि ते मी मुकाट ऐकून घेत आलो, याची टोचणी आहे. मी तर कीपॅड पुसून नुसते कपाटात मांडायचो. संधिवाताने बेजार झालेली बायकोच म्हणाली होती, "त्यांची पूजा कसली करताय? मला रिमोट करून द्या."

हे तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग हेही लिहा, पहिल्या रिमोटवर आवाज वाढवला की चॅनल बदलायचं."

लिहिलं. यापुढे रिमोट न्यायला कुणी आलं, की तिला बाहेर बोलावून ऐटीत सांगणार आहे, "डोकं हिचं."